हिराकाकीची कोरडी हळद

हिराकाकीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती धावत होती.

नोकरीचा माझा पहिला दिवस होता. मानसशास्त्राची पदवी नुकतीच हातात आलेली, अंगावर आईची कडक इस्त्रीची साडी आणि मनात ‘समुपदेशक’ या शब्दाचा केवढा तरी तोरा. नाशिक हायवेवर पडघ्याच्या अलीकडच्या एका फाट्यावर मी उतरले. दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्यांची गोदामं, मधून जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला व्यसनमुक्ती आणि मानसिक उपचारांच्या केंद्राचं फाटक. तिथवर पोचते तोच फाटक धाडकन उघडलं आणि एक लुकडा माणूस माझ्या खांद्याला घासून हायवेच्या दिशेनं सुसाट गेला. त्याच्यामागून साठीला टेकलेली, उंचीपुरी, दणकट बाई. साडी वर खोचलेली, हातात आमटीची पळी. मला बघून ती थबकली.

“नवी मॅडम तूच काय गो?”

“हो.”

“बरं झालं आलीस. बस मागं.”

मागं म्हणजे तिच्या स्कुटीवर. माझी पिशवी कुणी घेतली, पळी कुठे गेली, काही कळलं नाही. ट्रक आणि कंटेनर यांच्यामधून आमची स्कुटी पडघ्याकडे निघाली आणि हिराकाकी वाऱ्यावर ओरडून मला सगळं समजावून सांगत होती. पळालेला तो प्रकाश. बँजो वाजवतो. साऱ्या ठाणे जिल्ह्यात त्याच्यासारखा बँजो कुणी वाजवत नाही. दारू सोडायला आलाय आणि आज पळालाय. “पन बग कसा पळाला!” ती आनंदानं म्हणाली. “आला तेव्हा तेला पायरी चढवत न्हवती. पायात ताकद आली बग!”

पळून गेलेल्या रुग्णाच्या तब्येतीत पडलेला फरक बघून हरखणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

प्रकाश पडघ्याच्या एसटी स्टँडवर बाकावर बसला होता. काकी त्याच्या शेजारी जाऊन टेकली. रागावली नाही, हात धरला नाही. समोरच्या गाडीवरून कांदाभजी मागवली. ती आल्यावर पुडा त्याच्यापुढे सरकवला.

“काकी, मी येनार न्हाय,” तो म्हणाला.

“मी कुठं बोलली ये म्हनून? पावन्याला उपाशी कोन सोडतं? खा. भिवंडीच्या गाडीत बसनार ना?”

“हां.”

“मंग उतरशील धामणकर नाक्यावर. तिथं तुना कोन ना कोन हाक मारनारच. तेला काय बोलशील तेवढं मना सांग. मंग मीच गाडीत बसवून देतंय.”

काकी उठली, चार पावलं मागे गेली आणि भर स्टँडवर, सगळे प्रवासी बघत असताना, झुलत झुलत त्याच्याकडे आली. “अरे पक्या! किती दिवसांनी रे! चल ना, एकच घे. माझ्यासाठी!”

प्रकाश म्हणाला, “मी सोडलीय.”

“सोडलीस? अरे मंग सोडल्याचीच पार्टी करू!”

“डाक्टरांनी न्हाय बोललंय.”

“डाक्टर काय हितं बघाला आलाय?”

त्यानं आणखी दोन-तीन उत्तरं करून पाहिली. काकीनं ती सगळी हसत हसत मोडून काढली. शेवटी तो खाली बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी टपकलं. काकीनं उरलेली भजी पुड्यात नीट बांधली. “उत्तर तयार झालं का जा. मी आडवनार न्हाय.”

थोड्या वेळानं तो आपणहून स्कुटीच्या मागे बसला. मला मात्र शेअर रिक्षानं परत यावं लागलं.

मी तिला ‘हिराबाई’ म्हणून बघितलं, ‘काकी, तुम्ही’ म्हणूनही बघितलं. ती वैतागली. “तुमी नको बोलूस गो. तुमी बोललीस का मना वाटतं माझ्यामागं आनखी कोन हुभं हाय.” तेव्हापासून ती मला ‘तू’ झाली. केंद्रातल्या रुग्णांना ती ‘पावने’ म्हणायची. मी एकदा विचारलं, पाहुणेच का? तर म्हणाली, “पेशंट बोललं का मानूस खाटेवर पडतो. पावना बोललं का तेला ठावं असतं, परत जायाचंय.”

तिच्या आयुष्यात बारीक बातमी अशी नव्हतीच. सकाळी मी फाटकातून आत शिरले की ती पटांगणापलीकडून टाळ्या वाजवत यायची. “ऐकलंस काय?” हा तिचा नमस्कार. मग निवडणूक जिंकल्याच्या आवाजात ती सांगायची की खाली मान घालून बसणाऱ्या एका पाहुण्यानं आज आपणहून मीठ मागितलं. किंवा कुणाला तरी रात्री झोप लागली. किंवा एकाच्या बायकोनं रविवारच्या भेटीला येताना त्याच्या आवडीची वालाची उसळ आणली, म्हणजे तिचा राग उतरतोय. “मीठ मागितलं म्हंजे चव आली गो! चव आली म्हंजे मानूस परत आला!” मला आधी हे सगळं जरा अतीच वाटायचं. पुढे माझ्या लक्षात आलं की गटचर्चेत मी तासभर शोधत असे ते तिला स्वयंपाकघराच्या दारातून दिसलेलं असे. अर्थात कधी कधी तिला नसलेलंही दिसायचं. त्याबद्दल पुढे सांगते.

या केंद्राची जमीन तिची. नवरा बाळाराम पाटील कबड्डी खेळणारा, हसरा, दिलदार माणूस. गोदामवाल्यांनी परिसरातल्या जमिनी घेतल्या तेव्हा पाटलांच्या घरातही पैसा आला आणि पैशाच्या मागोमाग बाटली. काकीनं शपथा घालून पाहिल्या, भगत केले, गंडे बांधले, घराला आतून कुलूप लावलं. भिवंडीत मनोविकारांचे डॉक्टर आहेत हे तिला कळलं तोवर बाळारामचं पोट पाण्यानं टम्म फुगलं होतं. ते डॉक्टर म्हणजे डॉ. नासिर. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले, शांत, कमी बोलणारे. ते म्हणाले, “हिराबाई, फार उशिरा आणलंत.”

नवरा गेला, त्याचे दिवस झाल्यावर ती पुन्हा त्यांच्या दवाखान्यात गेली. “माझा उशिरा आनला. बाकीच्यांनी लवकर आनायचा तर कुठं?” तिच्याकडे जमिनीचा एक तुकडा उरला होता. तिचा धाकटा दीर हसुराम त्यावर गोदाम बांधायला टपला होता. तिथे दोन बैठ्या इमारती उभ्या राहिल्या. औषधं आणि तपासणी डॉक्टरांकडे, बोलणं माझ्याकडे, सकाळी योगासनं, मग भाजीच्या वाफ्यांत काम, दुपारी संगीत, रविवारी घरच्यांची बैठक. आणि या सगळ्यात वादळासारखी फिरणारी हिराकाकी.

डॉक्टर आणि काकी यांचं भांडण रोजचं. डॉक्टर म्हणायचे, आजार आहे, औषध लागतं. काकी म्हणायची, मायेचं दोन घास आणि घाम निघेपर्यंत काम मिळालं का कनचाही मानूस हुभा ऱ्हातो. दोघंही आपल्या जागी इतके पक्के की जेवणाच्या पंगतीत हे भांडण सुरू झालं की पाहुणे बाजू वाटून घ्यायचे.

त्यातूनच अनंत सरांचं ते प्रकरण झालं. सर गणिताचे शिक्षक. व्यसन कसलंच नाही, पण त्यांना कानात आवाज ऐकू यायचे. आले तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसायचे. औषधं सुरू झाली, काकीनं त्यांना भेंडीच्या वाफ्यात नेलं आणि काही आठवड्यांत सर हसायला लागले. एका संध्याकाळी तर त्यांनी भेंडीच्या रोपांमधल्या अंतरावरून पाहुण्यांना गणितं घातली. काकीला आनंद आवरेना. सरांनी तिला विचारलं, “आता गोळ्या बंद केल्या तर चालेल ना काकी?” आणि ती म्हणाली, “आता कशाला गोळ्या? बगा किती बरं दिसताय!” डॉक्टरांना तिनं सांगितलं नाही. मलाही नाही.

एका दुपारी आरडाओरडा झाला. सर पाण्याच्या टाकीवर चढून बसले होते. गोदामातली माणसं आपल्याला न्यायला आली आहेत, असं ओरडत होते. काकी टाकीखाली धावली. “सर, मी हाय! हिराकाकी!” सरांनी तिच्याकडे बघितलं आणि आणखी मागे सरकले. तिला ते ओळखत नव्हते. काकी तिथेच मटकन खाली बसली.

डॉक्टर भिवंडीहून येईपर्यंत जिवात जीव नव्हता. आले, बूट काढले, शिडीच्या निम्म्यावर चढून थांबले आणि सरांशी हळूहळू बोलत राहिले. खाली या म्हणाले नाहीत, घाबरू नका म्हणाले नाहीत. “तुम्हाला भीती वाटतेय. मी इथेच आहे,” एवढंच परत परत. बराच वेळ गेला. मग डॉक्टर आधी आणि सर त्यांच्या मागोमाग, असे दोघे खाली उतरले.

काकी उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “डाक्टर, चूक माझी हाय. गोळ्या मी सोडायला सांगितल्या.”

मला वाटलं, आता डॉक्टर बरसणार. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. “हिराबाई, तुमची माया कमी पडली म्हणून हे झालं नाही. गोळी कमी पडली म्हणून झालं. दोन्ही लागतात. मला ते तुमच्यामुळे कळलं, आता तुम्हीही तेवढं माना.” मग जाता जाता वळून म्हणाले, “आणि तुमची ब्लडप्रेशरची गोळी? ती घेता का?”

काकी घेत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या जेवणानंतर एक नवाच सोहळा सुरू झाला. सगळे पाहुणे पाण्याचे पेले घेऊन ओळीनं बसायचे, मी आणि नर्सबाई गोळ्या वाटायचो आणि काकी स्वतःची गोळी उंच धरून म्हणायची, “चला रे, उचला!” सगळे एकदम गोळी तोंडात टाकायचे. अनंत सर तिच्या शेजारी बसायचे. पुन्हा हसायला लागायला त्यांना वेळ लागला, पण लागले.

आता हळदीची गोष्ट.

काकीच्या एकुलत्या एका मुलाचं, दर्शनचं लग्न ठरलं. आमच्याकडच्या आगरी लग्नात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सण. मांडव, बँजो, नाच आणि दारू. दारू नसलेली हळद कुणी ऐकलेलीसुद्धा नाही. काकीनं घोषणा केली की तिच्या मुलाच्या हळदीला थेंब येणार नाही. तेवढ्यावर ती थांबली नाही. वाजवायला बाहेरची पार्टी येणार नाही, केंद्रातले पाहुणे वाजवतील, असंही तिनं सांगून टाकलं.

हसुराम तणतणत केंद्रावर आला. “वैनी, लोकांना काय तोंड दाखवू? पाटलांच्या घरात कोरडी हलद?”

“कोरडी कशी? तेल हाय, पानी हाय, हलद हाय.”

“घसा कोरडा ऱ्हाईल तेचं काय? कोन येनार न्हाय, सांगून ठेवतंय.”

“न्हाय येवंदे. माझ्या पावन्यांना जास्त जेवन.”

तो गेला तर डॉक्टर आले. त्यांचाही विरोध. ही माणसं आत्ता कुठे सावरताहेत, त्यांना हळदीच्या गर्दीत उभं करणं म्हणजे विस्तवाशी खेळ. काकी त्यांचं पूर्ण ऐकून घ्यायला शिकली होती. मग म्हणाली, “डाक्टर, उंद्या हे घरी गेल्यावर गावात हलदी बंद होनार हायेत काय? पहिली हलद तेंनी माझ्या मांडवात बगू दे. तुमी हाव, मी हाय, ही पोरगी हाय.” डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी अटी घातल्या. ज्यांची तयारी आहे तेच येतील. जोडीजोडीनं राहतील. ज्याला जड जाईल तो कुणाला न विचारता गाडीत येऊन बसेल आणि त्याला कुणी काही विचारणार नाही. काकीनं सगळ्या मान्य केल्या.

खरी अडचण प्रकाशची होती. बँजो हेच त्याचं पोट आणि बँजोनंच त्याला बुडवलेलं. सीझनमध्ये रोज एक हळद आणि प्रत्येक हळदीत कलाकाराचा मान म्हणून ग्लास. “पिल्याबिगर मी कधी वाजवलंच न्हाय,” तो मला म्हणाला. “हात चालतील का न्हाय तेच ठावं न्हाय.” काकीनं त्याचा बँजो घरून मागवून संगीताच्या खोलीत ठेवला. तो दोन दिवस त्याच्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी इक्बालभाईंनी ढोलकी गळ्यात अडकवली. इक्बालभाई कापडाच्या लूमवर काम करणारे, उत्तरेकडचे. डबल शिफ्टचा शीण विसरायला खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या सुरू झाल्या त्या सुटेनात, म्हणून आलेले. त्यांनी ढोलकीवर असा काही ठेका धरला की भांडी घासणारे पाहुणे बाहेर आले. “परकास भाई,” ते म्हणाले, “मैं अकेला कब तक बजाऊँ? हाथ दुख गया.” प्रकाशनं बँजो मांडीवर घेतला. पहिले सूर अडखळले. काकी दारात उभी होती. टाळ्या वाजवायला उचललेले हात तिनं मोठ्या कष्टानं पाठीमागे नेले.

नंतरचे दिवस म्हणजे धमाल. केंद्रात जेवताना, वाफ्यात, अंघोळीच्या रांगेत, सगळीकडे ठेका. मी गटात त्यांच्याकडून ‘नाही’ म्हणण्याचा सराव करून घ्यायचे आणि अनंत सर दारूचा आग्रह करणाऱ्या दोस्ताचं काम इतकं झक्क करायचे की डॉक्टरसुद्धा खुर्चीत हसून हसून वाकले.

हळदीच्या दिवशी उन्हं कलली तसे आम्ही पाहुण्यांना घेऊन काकीच्या गावी, तिच्या अंगणात पोचलो. मांडव सजलेला, खुर्च्या मांडलेल्या, चुलीवर वालाचं बिरडं रटरटतंय. आणि माणूस नाही. घरचे दहाजण सोडले तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. पलीकडे गोदामाच्या भिंतीमागून हसण्याचे आवाज येत होते. हसुरामनं तिथे आपल्या दोस्तांची वेगळी सोय केली होती.

काकी मांडवाच्या तोंडाशी उभी होती. नवी हिरवी साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. तिचा चेहरा मला बघवेना. दर्शन तिच्याजवळ आला. “आय, राहू दे. आपन आपली लावू हलद.”

तेवढ्यात पारूआजी आली. ही गावची धवलारीण, लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी म्हणणारी. काठी टेकत आत आली, पाटाशेजारी बसली आणि खणखणीत आवाजात तिनं धवला सुरू केला. इक्बालभाईंना शब्द कळत नव्हते, पण दुसऱ्या ओळीला त्यांनी ढोलकी अलगद त्याखाली घातली. आजीनं डोळे मिचकावून त्यांच्याकडे पाहिलं. प्रकाशनं बँजो जोडला.

आणि बायका यायला लागल्या! आधी शेजारच्या दोघी, मग आळीतल्या, मग पलीकडच्या पाड्यावरून घोळकेच्या घोळके. हळदीला एरवी या बायका भाकऱ्या थापतात आणि झिंगलेल्या पुरुषांच्या भीतीनं पोरींना घरात ठेवतात. आज पोरींना घेऊन आल्या होत्या. म्हाताऱ्या आल्या, लेकुरवाळ्या आल्या. पदर खोचून त्यांनी फेर धरला आणि मांडवाखाली अशी धूळ उडाली की दर्शनच्या अंगावर हळद कुठली आणि माती कुठली कळेना. “ऐकलंस काय? ऐकलंस काय?” काकी मला हलवून विचारत होती. त्या गदारोळात मला फक्त तिचे ओठ दिसत होते. डॉक्टर नासिर कोपऱ्यात उभे राहून टाळ्या वाजवत होते, ठेका चुकवत, पण जोरात.

एवढा आवाज ऐकून गोदामामागचे पुरुष एकेक करून मांडवाच्या कडेला आले. सगळ्यांत शेवटी हसुराम. हातात भरलेला ग्लास. तो वाकडा माणूस नव्हता. बँजो ऐकून त्याचं मन भरून आलं होतं आणि मन भरून आल्यावर काय करायचं ते त्याला एकच ठाऊक होतं. तो सरळ प्रकाशकडे गेला आणि ग्लास त्याच्यासमोरच्या स्पीकरवर ठेवला.

“पक्या, काय वाजवलंस! घे. कलाकाराचा मान हाय.”

प्रकाशचे हात थांबले. फेर थांबला. फक्त इक्बालभाईंची ढोलकी चालू राहिली, हलक्या हातानं. मी काकीकडे पाहिलं. ती दोन पावलांवर होती. हात लांबवला असता तर ग्लास उचलता आला असता. तिनं पदराचं टोक दातात घट्ट धरलं आणि जागची हलली नाही. डॉक्टर पुढे निघाले, तर तिनं त्यांनाही डोळ्यांनी थोपवलं.

प्रकाश ग्लासाकडे बघत होता. कपाळावरचा घाम नाकावर आला. मग तो हसुरामकडे मान वर करून साध्या आवाजात म्हणाला, “नाना, हा उचला हितून. सांडला तर बँजो बंद पडंल आनि सगल्यांची हलद खोलंबंल.”

आणि त्यानं सूर छेडला. असा छेडला की मांडव उसळला! बायकांनी आरोळी ठोकली, पारूआजीनं काठी नाचवली, अनंत सर दोन्ही हात वर करून फेरात घुसले. काकीनं पदर तोंडातून सोडला आणि ती नाचायला लागली. दणकट बाई, पण भिंगरीसारखी. नाचत होती, रडत होती, हसत होती आणि मधेच बिरडं करपेल म्हणून स्वयंपाकघराकडे ओरडत होती.

हसुराम ग्लास हातात घेऊन तसाच उभा. त्याची बायको कमल त्याच्याजवळ आली. ही बाई चार लोकांत कधी आवाज न काढणारी. तिनं त्याच्या हातातून ग्लास घेतला आणि मांडवाबाहेर, मोरीकडे निघून गेली. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मी ही गोष्ट इथेच संपवली असती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि काकी केंद्राच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलो होतो, तेव्हा कमल आली. उंबऱ्यातच उभी राहिली. मी उठायला लागले तर म्हणाली, “तू बस बाय. तुनाबी ऐकायचंय.” मग काकीकडे न बघता म्हणाली,

“ताई, कालचा ग्लास मी मोरीत वतला न्हाय.”

काकीच्या हातातली जुडी तशीच राहिली.

“पिली मी. मोरीमागं हुभी ऱ्हावून. हेंच्या बाटलीतली रोज घेतंय. लय वरसं झाली. कमी झाली म्हनून हे पोरांवर डाफरतात आनि मी गप ऱ्हातंय. काल बायका टाल्या वाजवत हुत्या तवा मना वाटलं जमीन फाटावी.” थोडं थांबून तिनं विचारलं, “बायांसाठी काय हाय काय तुझ्याकडं?”

आमच्याकडे बायकांसाठी काहीही नव्हतं. दोन्ही इमारती पुरुषांच्या. इतकी वर्षं काकीनं गावोगावच्या बायकांना नवऱ्यांना घेऊन या म्हणून सांगितलं होतं. एखादी स्वतःसाठी येईल हे तिच्या मनातच आलं नव्हतं, आणि माझ्याही नाही. मीठ मागितल्याची बातमी गावभर करणारी काकी उठली, तिनं दार लोटलं, कमलला आपल्याजवळ बसवलं आणि तिच्या हातात भाजीची जुडी दिली. दोघी निवडत राहिल्या. संध्याकाळी डॉक्टरांशी ती दार बंद करून बोलली. कमलचे उपचार आधी भिवंडीत त्यांच्या दवाखान्यात सुरू झाले. काकी तिला स्कुटीवरून न्यायची आणि कमल घरी सांगायची, ताईंचे गुडघे दाखवायला जातोय. हे मी आज लिहू शकते, कारण पुढे कमल स्वतःच बैठकांमध्ये उभी राहून हे सांगू लागली आणि मी लिहावं असं तीच म्हणाली.

सगळंच गोड झालं असं नाही. इक्बालभाई बरे होऊन गेले आणि लूमवर पुन्हा घसरले. दोनदा परत आले. दोन्ही वेळा काकीनं फाटकात “आमचा ढोलकीवाला आला!” म्हणून असं स्वागत केलं की शरमेनं आलेला माणूस हसत आत गेला. प्रकाश अजून वाजवतो. हसुरामनं काकीशी वर्षभर अबोला धरला.

पुढे माझं लग्न झालं, मी नाशिकला गेले, नोकरी सुटली. काकीचे फोन यायचे. हॅलो नाहीच, थेट “ऐकलंस काय?”

मागच्या वर्षी माहेरी आले असताना काही कामासाठी भिवंडीला गेले होते. धामणकर नाक्यावर माझी रिक्षा अडकली. ट्रक, टेम्पो, रिक्षा, सगळं एकमेकांत रुतलेलं, भोंग्यांनी कान किटलेले. इतक्यात पलीकडून माझ्या नावाची हाक आली. एका उघड्या टेम्पोत नव्या कोऱ्या गाद्यांची थप्पी, ड्रायव्हरशेजारच्या खिडकीतून अर्धी बाहेर आलेली हिराकाकी, केस आता पूर्ण पांढरे. आणि वर गाद्यांवर, दोर धरून बसलेली कमल.

“बायांचा वॉर्ड गो!” काकी ओरडली. “उंद्या चालू करतंय! हसुरामनं जागा दिली! कमल बगनार सगलं! उतर, बस टेम्पोत!”

“काकी, माझी गाडी आहे संध्याकाळची!”

“गाड्या रोज असतात!”

तेवढ्यात पुढचा ट्रक हलला आणि टेम्पोला वाट मिळाली. काकी अजून बोलत होती, हातवारे करून सांगत होती, पण भोंग्यांत मला काही ऐकू येईना. मी रिक्षातून वाकून हात हलवला. गाद्यांवरच्या कमलनं मला पाहिलं. कधी आवाज न काढणारी ती बाई, भर नाक्यावर, हसत हसत दोर सोडून दोन्ही हात उंच करून हलवायला लागली. टेम्पो वळला, गाद्या एका अंगाला कलल्या आणि खिडकीतून वर मान करून, सगळ्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात हिराकाकी ओरडली,

“दोर धर गो कमल! आगं, दोर धर!”